इंदूर म्हणजे पेट्रोल

(दृश्य: पलासिया चौराहा, संध्याकाळची गर्दी, हॉर्न)

हा आमचा एबी रोड. आग्रा-मुंबई रस्ता. देवास नाक्याकडून शहरात शिरायचं, पलासिया, गीता भवन, नवलखा, भंवरकुआं करत राऊच्या बाजूने बाहेर पडायचं. बायपास झाल्यापासून लांबच्या गाड्या बाहेरूनच जातात, तरी इंदूरकर या रस्त्याला दिवसातून दोनदा शिव्या घातल्याशिवाय जेवत नाही.

१९६८ साली, डिसेंबरच्या सुरुवातीच्या थंडीत, याच रस्त्याने काही गाड्या सिडनीला चालल्या होत्या. हो, ऑस्ट्रेलियातल्या सिडनीला. आणि येत होत्या लंडनहून.

(जुनी छायाचित्रं)

लंडन-सिडनी मॅरेथॉन, म्हणजे मोटारींची शर्यत. २४ नोव्हेंबर १९६८ रोजी लंडनच्या क्रिस्टल पॅलेसहून ९८ गाड्या सुटल्या. पाठबळ दोन वर्तमानपत्रांचं: लंडनचं ‘डेली एक्स्प्रेस’ आणि सिडनीचं ‘डेली टेलिग्राफ’. पहिलं बक्षीस १०,००० पौंड. पॅरिस, तुरिन, बेलग्रेड, इस्तंबूल, तेहरान, काबूल, दिल्ली. मग आग्रा आणि इंदूर घेऊन मुंबई. तिथे गाड्या ‘चुसान’ नावाच्या बोटीवर चढवायच्या, ऑस्ट्रेलियाच्या पश्चिम किनाऱ्याला उतरवायच्या, आणि पर्थपासून आख्खा खंड आडवा कापून सिडनी गाठायची. सगळं मिळून सुमारे १६,००० किलोमीटर.

गाड्या तरी कसल्या? पोर्शे होती, सित्रोएन होती, मर्सिडीज होती. रशियाच्या चार मोस्कविच होत्या, आणि त्या चारही शेवटपर्यंत पोहोचल्या. चार बायकांची एक व्होल्वो होती. कुणा हौशी माणसाने १९३० सालची बेंटलीसुद्धा आणली होती. भारत-पाकिस्तान युद्धाला तेव्हा अवघी तीन वर्षं झाली होती, तरी खैबर खिंड ओलांडून, पाकिस्तान पार करून ही वरात दिल्लीत आली. आज हा रस्ता नकाशावर नुसता बोटाने गिरवून बघा. बोट कुठे कुठे अडतं ते लगेच कळेल.

(दृश्य: टिळक नगर, एका घराचा ओटा)

त्या गाड्यांतल्या माणसांना शोधत आम्ही परदेशात गेलो, त्याचं कारण हे काका. शेजारचे. तेव्हा कॉलेजात होते.

“काका, नक्की काय पाहिलंत तुम्ही?”

“अरे भिया, पाहिलं काय! तासभर उभे राहिलो. मग दिवे आले, आवाज आला, संपलं. पुढच्या गाडीसाठी परत उभे.”

“आत कोण होतं, दिसलं?”

“चेहरे दिसले असते तर तुला कशाला पाठवला असता? तूच जाऊन विचार त्यांना, आमचं इंदूर कसं वाटलं.”

काका थट्टेत म्हणाले. आम्ही मनावर घेतलं.

(दृश्य: इंग्लंड, पाऊस, छोटी घरं)

उशीर झालाय हे निघतानाच माहीत होतं. जिंकणारा अँड्र्यू कॉवन २०१९ साली गेला. दुसरा आलेला पॅडी हॉपकर्क २०२२ मध्ये. मुंबईपर्यंत सगळ्यांच्या पुढे असलेला रॉजर क्लार्क तर १९९८ सालीच. तेव्हा विशी-पंचविशीत असलेली मंडळी आज ऐंशीच्या आसपास आहेत. कुणाला ऐकू येत नाही, तर कुणाचं कानातलं यंत्र आमच्या कॉलर माइकजवळ आलं की शिट्टी मारतं. इथे शिट्टीचा भाग कापलाय, पण ती वाजली की म्हातारबुवा दचकून हसायचे. ते हसू कापायला नको होतं, असं आता वाटतं.

मुलाखती घेता घेता एक गोष्ट ध्यानात आली. नामांकित माणसांच्या गोष्टी सांगून सांगून गुळगुळीत झालेल्या असतात. कुठे थांबायचं, कुठे हसवायचं, सगळं ठरलेलं. खरा माल असतो मागच्या सीटवरच्या तिसऱ्या माणसाकडे. मॅप धरणारा, पंक्चर काढणारा, दोघे गाडी चालवत असताना पाय दुमडून झोपणारा. त्याला इतक्या वर्षांत कुणी काही विचारलेलंच नसतं.

असाच एक तिसरा माणूस आम्हाला सापडला. तुर्कस्तानातला सिवास ते एर्झिंजान हा टप्पा त्याला अजून स्वप्नात येतो. डोंगरातला कच्चा रस्ता, आणि वेळ दिलेला फक्त २ तास ४५ मिनिटं. मग काबूलच्या पुढे लताबंद खिंड. तिथली दगडगोट्यांची वाट सांगताना त्याचे हात आपोआप स्टिअरिंग धरल्यासारखे वर आले. आणि हा गृहस्थ त्या टप्प्यात गाडी चालवत नव्हता बरं का!

भारताबद्दल सगळे एकच सांगतात: माणसं. दिल्लीपासून मुंबईपर्यंत रस्त्याच्या दोन्ही अंगांना माणसंच माणसं. मधून जेमतेम एक गाडी जाईल एवढी फट, आणि ती फट शेवटच्या क्षणी उघडायची. शिवाय बिनदिव्याच्या बैलगाड्या. खैबरची भीती वाटली नाही, याची वाटली, असं एकाने आम्हाला साफ सांगितलं. ऐकताना जरा वाईट वाटलं. खोटं मात्र काही नव्हतं त्यात.

आणि इंदूर?

(दृश्य: टेबलावर जुनी वही, जवळून)

ही त्या तिसऱ्या माणसाची वही. बाइंडिंग सुटलंय, कोपऱ्याला तेलाचा डाग. डाव्या बाजूला गावं, उजव्या बाजूला मैल, मध्ये पेन्सिलीने टिपण. ग्वाल्हेरसमोर काही नाही. इंदूरसमोर एकच शब्द: पेट्रोल. खालच्या ओळीत नर्मदेच्या पुलाची खूण, मग घाटाची नागमोडी रेघ. म्हणजे खलघाट आणि पुढे सेंधव्याचा बिजासन घाट, हे आम्ही त्याला सांगितलं. त्याने लगेच चष्मा लावला, पेन मागितलं आणि ती नावं वहीत लिहून घेतली. तेवढ्या वेळात आमची मुलाखत घेणारा तो आणि देणारे आम्ही, असं झालं होतं.

होळकरांच्या गावाला, जिथे महाराज यशवंतरावांकडे ड्यूसेनबर्गसारखी आलिशान मोटार होती, तिथे एक शब्द! पण रात्रंदिवस गाडी हाकणाऱ्याला राजवाड्याचं काय? टाकी भरली हेच खूप.

(दृश्य: ऑस्ट्रेलिया, लाल माती, सरळ रस्ता)

मुंबईला ७२ गाड्या पोहोचल्या, सिडनीला ५६. मधल्या गळतीच्या गोष्टी ऑस्ट्रेलियात ऐकायच्या. क्लार्कच्या फोर्ड कॉर्टिना गाडीचं इंजिन तिथे बिघडलं, तेव्हा त्याच्याच संघातल्या दुसऱ्या कॉर्टिनाचं सिलिंडर हेड काढून त्याच्या गाडीला बसवलं. दुसरी गाडी त्याच्यासाठी मागे राहिली. एवढं करून पुढे डिफरन्शियल, म्हणजे मागच्या चाकांना ताकद पोहोचवणारा भाग, गेला. मग वाटेत कुणाची तरी साधी कॉर्टिना दिसली. मालकाला गळ घातली आणि त्या गाडीचा मागचा अ‍ॅक्सल काढून घेतला! शेवटी क्लार्क दहावा आला. आमच्या मते या शर्यतीतली सगळ्यात मोठी माणसं म्हणजे ते दोघे: हेड देणारा आणि अ‍ॅक्सल देणारा. बक्षीस समारंभाच्या फोटोत असली माणसं कधी नसतात.

नाउराची गोष्ट सगळ्यांनी सांगितली, आवाज उतरवून. सिडनी हाकेच्या अंतरावर, ल्युसियाँ बियाँकीची सित्रोएन सर्वांत पुढे, त्याचा साथीदार झाँ-क्लोद ओजिए स्टिअरिंगवर. समोरून एक मिनी आली आणि थेट धडकली. मागून येणारा हॉपकर्क थांबला आणि गाडीतल्यांच्या मदतीला धावला. शर्यत कॉवनने जिंकली, हिलमन हंटरमध्ये. हा कॉवन स्कॉटलंडमधल्या डन्सचा, शेतकरी घरातला. बियाँकी त्यातून वाचला, पण पुढच्याच वर्षी फ्रान्समधल्या ल माँ शर्यतीच्या सरावात गेला.

(दृश्य: वॉरविक फार्म, घोडे)

शर्यत संपली ती इथे, सिडनीतल्या वॉरविक फार्मला. मोटारींचा ट्रॅक १९७३ साली बंद झाला, आता फक्त घोड्यांच्या शर्यती होतात. निघण्याचं ठिकाण असलेला क्रिस्टल पॅलेसचा ट्रॅक त्याच्या आदल्या वर्षी बंद. ‘चुसान’ बोटही १९७३ मध्येच भंगारात गेली. चालू राहिला तो एबी रोड.

परत आल्यावर काकांना वहीचा फोटो दाखवला.

“पेट्रोल?” काका म्हणाले. “कोणत्या पंपावर?”

हा प्रश्न तिकडे विचारायचं आम्हाला सुचलंच नव्हतं! आता तो तुम्हालाच विचारतो. देवास, इंदूर, महू, मानपूर, धामनोद, सेंधवा, शिरपूर, धुळे: या रस्त्यावर तुमच्या घरचं कुणी तेव्हा उभं होतं का? पंपावर कुणी कामाला होतं? फोटो असला तर उत्तमच. नसला तर आजोबांना बसवा, मोबाइल समोर धरा आणि विचारा: गाड्या आल्या तेव्हा दिवस होता की रात्र? गाड्या काही तासांच्या अंतराने आल्या होत्या, त्यामुळे दोन्ही उत्तरं आली तरी चालतील.