राणीछाप रुपया आणि पॅरिसची बातमी

श्रोतेहो, नमस्कार. आजचं बोलणं कॉलेजच्या आणि स्पर्धा परीक्षेच्या विद्यार्थ्यांसाठी आहे. पण घरातल्या कपाटाची किल्ली ज्यांच्याकडे असते, त्यांनीही जरा रेडिओजवळ बसावं. आजचं साहित्य त्यांच्याच ताब्यात आहे.

बहुतेक विद्यार्थी युद्धाचा इतिहास एका वहीत लिहितात आणि जगातल्या आर्थिक घडामोडी दुसऱ्या. आज आपण एकच वही घ्यायची. पान मधोमध आखायचं. डावीकडे युद्धातली घटना आणि तिची तारीख, उजवीकडे त्याच सुमारास पैशाचं काय झालं ते. डावीकडे लढाई, उजवीकडे पैसा. आणि उजव्या बाजूचा पहिला पुरावा पुस्तकात शोधायचा नाही, आजीच्या डब्यात शोधायचा.

लक्ष्मीपूजनाला बाहेर निघतो तो चांदीच्या रुपयांचा डबा. घरोघरी त्यातल्या सगळ्याच नाण्यांना राणीछाप म्हणतात. खरी राणीछाप व्हिक्टोरियाची. पुढच्या राजांचे रुपये वेगळे काढा आणि सहाव्या जॉर्जचा १९४० ते १९४५ मधला एखादा सापडतो का बघा. सापडला तर कड नीट पाहा. जुन्या रुपयाच्या कडेला नुसते दाते असतात. युद्धातल्या रुपयांवर दात्यांच्या मधोमध एक नक्षीची खोबणही दिसेल. ती मुद्दाम घातलेली आहे. नाण्यातली चांदी कमी केली की खोटी नाणी पाडणं सोपं होतं, त्यावरचा तो बंदोबस्त.

चांदी किती कमी केली? १९४० पूर्वीच्या रुपयात शंभरात जवळपास ९२ भाग चांदी होती. १९४० पासून ५० भाग चांदी, ४० भाग तांबं, ५ निकेल आणि ५ जस्त. वजन मात्र तेच, एक तोळा, म्हणजे ११.६६ ग्रॅम. पुन्हा ऐका: वजन तेच, चांदी निम्मी.

हे घरी तपासता येतं. त्यासाठी ०.०१ ग्रॅमपर्यंत दाखवणारा छोटा डिजिटल काटा लागतो. भाजीचा काटा चालणार नाही. आधी नाण्याचं वजन लिहून ठेवा. मग काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्य करा. नाणं शिवणाच्या दोऱ्याला बांधून पूर्ण बुडेल असं पाण्यात लोंबकळतं धरा. जुना रुपया असेल तर काटा सुमारे १.१३ दाखवेल, युद्धातला असेल तर सुमारे १.२२. चुकतं कुठे? नाणं तळाला टेकलं की आकडा एकदम फुगतो, आणि बुडबुडे चिकटले तर थोडा जास्त येतो. नाणं झिजलेलं असेल तर आधीच्या वजनाला या आकड्याने भागा. उत्तर १०.३ च्या आसपास आलं तर जुनी चांदी, साडेनऊच्या आसपास आलं तर युद्धातली. नाणं चिंचेने किंवा राखेने घासू नका. घासून चकचकीत केलेलं नाणं म्हणजे अर्धा पुसलेला कागद. आणि १९३९ चा रुपया दुर्मिळ म्हणून कुणी हजारो रुपये मागत असेल, तर अभ्यासासाठी तो घेण्याची काही गरज नाही. १९३८ आणि १९४० चे दोन रुपये शेजारी ठेवले की काम भागतं.

आता ही चांदी निम्मी का झाली, ती गोष्ट.

१९४० चा उन्हाळा. १० मे रोजी जर्मनीने पश्चिमेकडे मुसंडी मारली. १४ जूनला जर्मन फौजा पॅरिसमध्ये शिरल्या. २२ जूनला फ्रान्सने युद्धबंदीवर सही केली. इथे आपल्याकडे पावसाळा तोंडावर. ज्याने नकाशावर पॅरिस कधी पाहिलं नव्हतं, त्यालाही एवढं कळलं की साहेबाचा जोडीदार पडला. उद्या साहेब पडला तर त्याच्या कागदाला कोण विचारणार? आणि लोक नोटा घेऊन रुपये मागायला नोटा बदलून देणाऱ्या खिडक्यांशी उभे राहिले. कागद नको, खणखणीत रुपया द्या.

रुपया घरी आला की दगडावर वाजवून बघायचा आणि गाडग्यात टाकायचा. गाडग्यात गेलेला रुपया बाजारात परत येत नाही. टांकसाळीने किती पाडावे? ओतलेलं सगळं जमिनीत मुरत होतं. लोकांना वेडं ठरवायची घाई करू नका बरं. पाठ्यपुस्तकं याला साठेबाजी म्हणून मोकळी होतात. हेच शहाण्या माणसाने लंडनच्या बाजारात केलं, तर त्याला सुरक्षित गुंतवणूक असं भारदस्त नाव मिळतं! असो.

सरकारने काय केलं? त्याच जूनमध्ये भारत संरक्षण नियमांखाली गरजेपेक्षा जास्त नाणी जमवणं हा गुन्हा ठरला. पण गाडगी कोण उकरणार? मग एक रुपयाची नोट बाहेर काढली. आता हा भाग कान देऊन ऐका, कारण यात भलेभले फसतात. त्या नोटेवर साल आहे १९३५ आणि चित्र पाचव्या जॉर्जचं. पाचवा जॉर्ज जानेवारी १९३६ मध्येच वारला. साल पाहून विद्यार्थी लिहून टाकतो की ही युद्धापूर्वीची नोट. नोट छापलेली आधीची, पण लोकांच्या हाती पडली १९४० मध्ये. छापलेलं साल वेगळं आणि चलनात आल्याचं साल वेगळं. हे पुन्हा सांगतो, कारण पेपरात गुण इथेच जातात: नोटेवरचं साल म्हणजे ती बाजारात आल्याचं साल असेलच असं नाही.

आणि त्या नोटेवर छापलं काय होतं? रुपयाचं नाणं! पुढे नाण्यावरचा राजा, मागे नाण्याची दुसरी बाजू. खिडकीशी उभा असलेला माणूस म्हणतो, कागद नको, रुपया द्या. खिडकीआडून त्याच्या हातावर रुपयाचं चित्र काढलेला कागद येतो. चार वर्षांपूर्वी वारलेल्या राजाचा. वर्षभराची युद्धाची धांदल एका हातात मावते, ती अशी.

मग चांदी निम्मी केली. मग १९४१ मध्ये व्हिक्टोरियाचे रुपये चलनातून बाद केले. घरातली जुनी चांदी बाहेर यावी, हा हेतू. तुमच्या डब्यात राणीछाप अजून आहे, त्या अर्थी कुणीतरी तेव्हा मानलं नव्हतं.

पुढे अमेरिकेने भारताला सुमारे २२ कोटी ६० लाख औंस चांदी दिली. उसनी, शेजारणीकडून वाटीभर साखर आणतात तशी, आणि परतफेड चांदीतच करायची या बोलीवर. बातम्यांमधला हा औंस म्हणजे ३१.१ ग्रॅम. स्वयंपाकाच्या पुस्तकातला औंस २८.३५ ग्रॅमचा. हा गोंधळ केला तर सगळी गणितं दहा टक्क्यांनी हुकतात.

आता चिल्लरीकडे वळू. १९४२ ते १९४५ ची चवली, म्हणजे दोन आण्यांचं नाणं, पिवळी आहे, १९४६ ची पांढरी. पांढरा रंग निकेलमुळे येतो, आणि निकेल तेव्हा चिलखती पोलादासाठी हवं होतं. म्हणून नाण्यातलं निकेल घटवून पितळ वाढवलं. १९४३ चा भोकाचा पैसा तर सगळ्यांना ठाऊक आहे. आधीच्या पैशाचं वजन ४.८६ ग्रॅम, याचं जेमतेम दोन. भोक पाडून तांबं वाचवलं. १९४७ चा वाघाचा रुपया चुंबकाला लावून पाहा, टपकन चिकटेल. तो शुद्ध निकेलचा, त्यात चांदी औषधालाही नाही.

उजव्या रकान्यात एक आकडा ठळक लिहा. युद्ध सुरू झालं तेव्हा चलनात नोटा होत्या सुमारे १८० कोटी रुपयांच्या. युद्ध संपताना ११०० कोटींच्या वर. ब्रिटन इथे सैन्यासाठी माल घेत होतं, त्याचे पैसे लंडनमध्ये पौंडांत जमा होत होते, आणि त्या जमेवर इथे नोटा छापल्या जात होत्या. पौंड तिकडे, महागाई इकडे. स्टर्लिंग शिल्लक या शब्दाचा अर्थ एवढाच आहे. मार्गदर्शकात त्याला दीड पान दिलेलं असतं.

याच वहीत अलीकडची बातमीही लिहायची, पण एक सावधगिरी बाळगून. २४ फेब्रुवारी २०२२ रोजी रशियाने युक्रेनवर हल्ला केला. ८ मार्चला लंडनच्या धातुबाजारात निकेलचा भाव टनाला एक लाख डॉलरच्या वर गेला. व्यवहार थांबवले आणि त्या दिवशी झालेले सौदे रद्दही केले. डाव्या रकान्यात युद्ध, उजव्यात निकेल, झालं उत्तर? नाही. रशियाचं निकेल अडेल ही भीती खरी होती. पण भाव एवढा उसळला, कारण एका मोठ्या चिनी उत्पादकाने भाव उतरेल या हिशेबाने सौदे करून ठेवले होते आणि तो कात्रीत सापडला. पुढे स्वस्तात घेऊ म्हणून आधीच विकून बसलेला, म्हणजे मंदीवाला, कात्रीत सापडला की मिळेल त्या भावाने घेत सुटतो. आपल्या मार्केट यार्डातल्या कुठल्याही अडत्याला विचारा, तो दोन वाक्यांत समजावेल. तेव्हा दोन रकान्यांमध्ये बाण काढण्याआधी तिसरा, बारीक रकाना आखा: बाजारात आधीपासून काय शिजत होतं?

सुरुवातीला दहाच नोंदी करा. प्रत्येक नोंदीला तारीख, एकक आणि चलन. नुसतं चांदी महागली असं लिहू नका. किती रुपये, तोळ्याला की किलोला, कुठल्या दिवशी, हे लिहा. आणि नाणी पाहून झाली की मऊ, कोरड्या कापडाने टिपून डब्यात परत ठेवा. बोटांच्या घामाचे डाग चांदीवर उमटतात, आणि दिवाळीत डबा उघडल्यावर हिशेब तुमच्याकडे मागितला जाईल.