पिन बसली, पण वीज जुळली का?

परदेशी निघालेल्या माणसाच्या यादीत ‘अडॅप्टर’ हा शब्द हमखास असतो. तो बॅगेत टाकला की विजेची काळजी मिटली, असं आपण धरून चालतो. पण अडॅप्टर फक्त पिनांचा आकार बदलतो. भिंतीतून येणाऱ्या व्होल्टना तो हातही लावत नाही. आपल्याकडे घरात 230 व्होल्ट आणि 50 हर्ट्झ (म्हणजे सेकंदाला 50 हेलकावे) वीज येते. अमेरिकेत आणि कॅनडात 120 व्होल्ट, 60 हर्ट्झ. जपानमध्ये 100 व्होल्ट. ब्रिटन, युरोप, दुबई, सिंगापूर, ऑस्ट्रेलिया ही मंडळी आपल्यासारखीच 230च्या घरात. म्हणजे लंडनला जाणाऱ्याची अडचण पिनांची आणि न्यू जर्सीला जाणाऱ्याची अडचण व्होल्टची. दोघांनी एकच यादी वापरून कसं चालेल?

आता जवळ असेल त्याने फोनचा चार्जर हातात घ्या. त्यावर बारीक, करड्यावर करडी अशी अक्षरं असतात. भिंग नसेल तर दुसऱ्या फोनने फोटो काढून मोठा करून बघा. ‘इनपुट’ या शब्दापुढे 100-240 असा आकडा दिसेल, त्यापुढे एक नागमोडी रेघ, मग 50/60 हर्ट्झ. नागमोडी रेघ म्हणजे भिंतीतली, एसी वीज. खाली ‘आउटपुट’पुढे सरळ रेघ आणि तिच्याखाली तुटक रेघ असते, ती डीसी, म्हणजे फोनला मिळणारी. एकात एक असे दोन चौकोन दिसले तर त्या वस्तूला दुहेरी इन्सुलेशन आहे, तिला अर्थिंगची गरज नाही. 100-240 लिहिलेली वस्तू जगात कुठेही चालते. फोन, लॅपटॉप, कॅमेरा, ट्रिमर यांचे चार्जर बहुतेक याच जातीचे असतात, आणि झोपेत श्वासासाठी लावायच्या सीपॅप मशीनचा अडॅप्टरही.

नंतर मिक्सर उलटा करा. बुडावर 230 व्होल्ट, 50 हर्ट्झ, 750 वॉट असं काहीतरी असेल. एकच आकडा, पल्ला नाही. ही वस्तू अमेरिकेला नेऊ नका.

ज्येष्ठ मंडळींनी एक वस्तू मुद्दाम तपासावी, ती म्हणजे औषधाचा धुकट फवारा श्वासातून घ्यायचा नेब्युलायझर. कॉम्प्रेसरवाले, घरघर आवाज करणारे बरेच नेब्युलायझर फक्त 230 व्होल्ट, 50 हर्ट्झचे असतात. औषध बॅगेत, मशीन बॅगेत, आणि तिथे गेल्यावर मशीनला जोर नाही. बॅटरीवर किंवा यूएसबीवर चालणारा मेश नेब्युलायझर अशा प्रवासाला जास्त शहाणपणाचा.

पण 230 व्होल्टची वस्तू 120 व्होल्टवर लावली तर नेमकं काय होतं? लगेच जळत नाही. मरगळते. किटली, इस्त्री, पाण्यात बुडवायचा रॉड यांच्या आत नुसती तापणारी तार असते, आणि अशा तारेची ताकद व्होल्टच्या वर्गाच्या प्रमाणात बदलते. व्होल्ट निम्मे झाले की उष्णता चौथाई. आपली 1000 वॉटची किटली अमेरिकेत साधारण 270 वॉटची होते. एक लिटर पाणी 20 अंशांवरून उकळीला आणायला घरी साडेपाच-सहा मिनिटं लागतात. तिकडे हिशेबाने वीस मिनिटं, आणि तेवढ्या वेळात किटलीच्या अंगातून उष्णता बाहेर जात राहते, ती वेगळीच. चहा मिळेल, पण उपास सोडल्यासारखा.

मिक्सरचं दुखणं याहून वाईट. त्याची मोटर कार्बन ब्रशवाली असते. तिला 50 की 60 हर्ट्झ याने फरक पडत नाही, व्होल्टने मात्र पडतो. रिकामं भांडं फिरतं, म्हणून माणूस फसतो. त्यात ओलं खोबरं, डाळं, मिरची घातली की पातं अडतं. मोटरला थंड करणारा पंखा त्याच दांड्यावर असतो, त्यामुळे तोही मंदावतो. मोटर अडलेली, करंट वाढलेला, वारा नाही. मग जळका वास येतो आणि बुडाखालचं लाल ओव्हरलोड बटण बाहेर पडतं. ते पुन्हा आत दाबून चटणी रेटायचा मोह होतो. दोन-तीनदा रेटलं की वाइंडिंग गेलंच.

‘मग व्होल्ट वाढवणारा स्टेप-अप ट्रान्सफॉर्मर घेतो,’ असं कोणीतरी म्हणतंच. चालतो, पण हिशेब ऐका. मोटर सुरू होताना नेहमीच्या दुप्पट-तिप्पट करंट ओढते. म्हणून 750 वॉटच्या मिक्सरला 750चा ट्रान्सफॉर्मर पुरत नाही, निदान 1500 वॉटचा लागतो. तो लोखंड-तांब्याचा ठोकळा मिक्सरपेक्षा जड भरतो, ओट्यावर जागा अडवतो आणि बंद करायला विसरलात तर गरम होत बसतो. माझ्या मते हा आतबट्ट्याचा व्यवहार आहे. अमेरिकेतल्या भारतीय किराणा दुकानांत ‘प्रीती’सारख्या आपल्याकडच्या कंपन्यांचे तिथल्या विजेवर चालणारे 110 व्होल्टचे मिक्सर मिळतात, ओलं वाटण त्यात आपल्यासारखंच होतं. नेऊ नका, तिथे घ्या. आणि परत येताना तो मिक्सर इकडे आणू नका. का, ते पुढे सांगतो.

अडॅप्टरकडे वळू. विमानतळावर मिळतो तो ‘सगळ्या देशांचा एक’ अडॅप्टर मला फारसा आवडत नाही. सरकत्या पिना वापरून सैल होतात, आणि स्वस्तातल्या बहुतेकांत अर्थिंग आरपार जातच नाही. तीन पिनांचा प्लग वरून आत जातो, खालून भिंतीत दोनच पिना. शिवाय पाठीवर ‘2500 वॉट’ छापलेलं असतं, तो हिशेब 250 व्होल्ट आणि 10 अँपियरचा. अमेरिकेतल्या 110-120 व्होल्टवर तोच अडॅप्टर जेमतेम 1100-1200 वॉटचा. त्यात वजनाचीही गोष्ट आहे. अमेरिकेतली जुनी सॉकेट सैल झालेली असतात. ठोकळा अडॅप्टर आणि त्यावर लॅपटॉपचा जड चार्जर असं लटकवलं की ते हळूहळू बाहेर झुकतं आणि रात्रीत कधीतरी निसटतं. त्यापेक्षा ज्या देशात जायचं तिथला साधा अडॅप्टर घ्या आणि सोबत आपल्याकडचा छोटा एक्स्टेंशन बोर्ड. एका अडॅप्टरवर घरातले चार चार्जर लागतात. फक्त चार्जरच बरं का, इस्त्री-किटली त्यावर नाही.

ब्रिटिश प्लग मात्र बघण्यासारखी चीज आहे. दुबई आणि सिंगापूरलाही तोच. उघडता येणाऱ्या प्लगचा मधला एक स्क्रू काढला की आत छोटा नळकांडी फ्यूज दिसतो, दिव्याबिव्याला 3 अँपियरचा, किटलीला 13चा. वरची अर्थची पिन मुद्दाम लांब ठेवलेली असते. ती आधी आत शिरते आणि खालच्या दोन भोकांवरची झडप उघडते. हे मानक 1947चं. गंमत अशी की आपण अजून वापरतो तो तीन गोल पिनांचा प्लग त्याआधीच्या ब्रिटिश पद्धतीचा. त्यांनी तो सोडला, आपण जपला.

या झडपेवर आपली माणसं एक युक्ती करतात. अर्थच्या भोकात पेनाचं टोपण किंवा रिफिल खुपसायचं, झडप उघडली की दोन गोल पिनांचा चार्जर दाबून बसवायचा. तो बसतो आणि चार्जिंगही होतं. पण गोल पिन चपट्या पट्ट्यांत नीट धरली जात नाही, ठिणगी पडते, प्लास्टिक पिवळं पडतं. ब्रिटनच्या घरांत भिंतीमागची वायर सहसा 32 अँपियरच्या सर्किटवर असते. प्लगमधला फ्यूज वगळलात तर तुमच्या बारीक वायरीला वाचवायला त्या 32शिवाय कोणी नाही. दोन-तीन पाउंडांच्या अडॅप्टरसाठी हे करायचं कारण नाही. लंडनला पोचल्यावर आणखी एक बघा: तिथे सॉकेटला आपल्यासारखं बटण असतं, अमेरिकेत आणि युरोपात बहुधा नसतं.

युरोपात दोन गोल पिना, म्हणजे आपलीच बहीण असं वाटतं. चुलत बहीण म्हणा. तिथल्या छोट्या चार्जरची पिन 4 मिलीमीटर जाड असते, इस्त्रीसारख्या वस्तूंची 4.8. आपल्या पाच अँपियरच्या प्लगची पाचच्या किंचित वर. म्हणून तिकडचा चार्जर आपल्याकडे खुळखुळतो आणि आपला प्लग तिकडे अडतो. जोर लावू नका. जर्मनीतलं सॉकेट खोल वाटीसारखं असतं, अर्थ त्या वाटीच्या कडेला पत्र्यांतून मिळतो. फ्रान्समध्ये अर्थची पिन सॉकेटमधूनच बाहेर आलेली असते. स्वित्झर्लंडमध्ये खाच षटकोनी, तिच्यात जर्मन जाडा प्लग जात नाही. जर्मनीसाठी घेतलेला अडॅप्टर झुरिकला अडतो तो इथे. चार्जरचा सपाट, दोन बारीक पिनांचा युरोपीय प्लग मात्र दोन्हीकडे बसतो.

अमेरिकेतल्या घरात दोन गोष्टी लोकांना हमखास चकवतात. स्वयंपाकघरातलं सॉकेट एकदम मेलं, मिक्सर बिघडला असं वाटतं. सॉकेटवर ‘टेस्ट’ आणि ‘रीसेट’ अशी दोन बारीक बटणं आहेत का बघा. पाच मिलीअँपियर इतकीशी गळती झाली तरी ते वीज तोडतं. आपल्या घरातला आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा खटका) साधारण 30वर तोडतो, यावरून ते किती हळवं आहे ते कळेल. ओल्या हाताचा, ओल्या ओट्याचा प्रताप. रीसेट दाबा. बटणं नसतील तर शेजारच्या सॉकेटवर, कधी बाथरूममध्येही शोधा, कारण एकाच्या मागे तीन-चार सॉकेट जोडलेली असतात. दुसरी गोष्ट दिवाणखान्यातली. एखादं सॉकेट दाराजवळच्या दिव्याच्या बटणावर असतं. रात्री कोणी दिवा म्हणून ते बंद करतं आणि सकाळी फोन 4 टक्क्यांवर.

फ्यूज उडण्याचंही तसंच. 1500 वॉटची किटली 120 व्होल्टवर साडेबारा अँपियर ओढते. सर्किट 15 किंवा 20चं. त्याच ओळीवर टोस्टर लावला की खटका पडणार. एकामागून एक लावा.

जपानची तऱ्हा न्यारी. व्होल्ट 100, पण हर्ट्झ एक नाही. टोकियोकडे 50, ओसाकाकडे 60, आणि सीमा साधारण फुजी नदीपासून इतोइगावापर्यंत. 1890च्या दशकात टोकियोने जर्मन जनरेटर घेतले, ओसाकाने अमेरिकन, ते आजवर तसंच चाललंय. प्रवाशाच्या चार्जरला याने काही होत नाही. शिकायला गेलेल्या मुलाने टोकियोत जुना मायक्रोवेव्ह घेतला आणि नोकरी ओसाकाला लागली, तर मागची पट्टी वाचावी, काही जुने एकाच हर्ट्झचे असतात. जपानी सॉकेट बहुधा दोनच चपट्या पिनांचं असतं. तीन पिनांसाठी मिळणाऱ्या तिथल्या अडॅप्टरला हिरवी वायर लोंबत असते. ती तोडून टाकू नका, ती अर्थची आहे, सॉकेटखालच्या स्क्रूला लावायची.

आता परतीचं सामान. 120 व्होल्टची वस्तू आपल्या 230वर लावली की हिशेब उलटतो. ताकद साडेतीन पटींहून जास्त. अमेरिकन 1500 वॉटची किटली क्षणभर साडेपाच हजार वॉटची होऊ बघते आणि तार तुटते, नाहीतर घराचा खटका (एमसीबी) पडतो. तिथला 110चा मिक्सर इकडे भुंगाट पळतो आणि जळतो. सगळ्यात फसवा असतो तिथून आणलेला सर्ज प्रोटेक्टर, म्हणजे विजेच्या अचानक उसळीपासून वाचवणारा बोर्ड. दिसायला मजबूत, पण त्याच्या आतली संरक्षक चकती जास्त व्होल्ट दिसले की वीज खेचून घ्यायला बनवलेली. आपले रोजचे 230 तिला संकटच वाटतात. फटाका वाजतो, बोर्ड काळा पडतो.

केस वाळवायच्या ड्रायरबद्दल बायका नेहमी विचारतात. प्रवासी ड्रायरच्या मुठीवर एक खाचेचा गोल असतो, नाण्याने फिरवायचा: एकीकडे 125, दुसरीकडे 250. तो असेल तर ड्रायर दोन्हीकडे चालतो, पण आपणहून काही बदलत नाही. अमेरिकेहून निघताना बॅगेत टाकायच्या आधीच तो 250वर फिरवून ठेवा. चुकून 250वर राहिला आणि 120ची वीज मिळाली तर वारा कोमट येईल, एवढंच.