धारेचा आडोसा

(लघुमाहितीपटाचं निवेदन)

[दृश्य: सांगलीचा आयर्विन पूल, पावसाळा. दगडी खांबांवर आदळणारं गढूळ पाणी.]

१९२९ साली खुला झालेला हा आयर्विन पूल. पावसाळ्यात सांगलीकर याच्याकडे पूल म्हणून कमी आणि मोजपट्टी म्हणून जास्त बघतो. ४० फुटांना इशारा, ४५ ला धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं, तेव्हा पेठेत होड्या फिरत होत्या.

पण आज आकडा सोडा, खांब बघा. पाणी समोरून येतं, खांबावर चढतं, दोन्ही अंगांनी फुटून फेसाळत निघून जातं. आणि खांबाच्या बरोब्बर मागं थोडी जागा अशी राहते, की तिथं वाहून आलेला नारळ पुढं जायचं नावच घेत नाही. नुसता गिरक्या घेत राहतो. घाटावर आयुष्य काढलेल्या माणसांना ही जागा ठाऊक असते. तिचा भरवसा किती धरायचा, हेही ठाऊक असतं. कारण त्याच आडोशाला भोवराही असतो.

[दृश्य: निळं पाणी. समुद्रातून वर आलेला एकटा काळा खडक, भोवती फेसाची रेघ.]

सांगलीपासून साडेपाच हजार किलोमीटरपेक्षा लांब, इंडोनेशियातल्या सुंबावा आणि फ्लोरेस या बेटांच्या मधे हा खडक उभा आहे. नाव बातू बोलोंग. पाण्याच्या वर दिसतो तो एवढासा. खाली ७० मीटरच्याही पुढं उतरत गेलेला. याच्या दोन्ही बाजूंनी समुद्र वाहतो. हो, वाहतो. नदीसारखा, आवाज करत.

ही सगळी कोमोडो राष्ट्रीय उद्यानाची हद्द. १९८० साली घोषित झालेलं, १९९१ पासून जागतिक वारशाच्या यादीत असलेलं. जगाला ते ओळखीचं आहे तिथल्या घोरपडीच्या महाकाय भाऊबंदांमुळं, कोमोडो ड्रॅगनमुळं. पाण्याखाली उतरणारे मात्र इथं येतात ते करंटसाठी, म्हणजे पाण्याच्या धारेसाठी, आणि करंटलाच घाबरतात.

[दृश्य: फ्लोरेस बेटावरचं लाबुआन बाजोचं बंदर. दोन डोलकाठ्यांच्या लाकडी बोटी. डेकवर सामान चढतंय.]

याच पाण्यात उतरायला निघालेली आपली मंडळी तिघं. सांगलीवाडीचा एक पोहणारा. लहानपणी पाठीला डबा बांधून विहिरीत ढकललेला, पुढं कृष्णेत वाढलेला. दंड बघून सगळे त्याला पैलवानच म्हणतात. मिरजेच्या एक भूलतज्ज्ञ डॉक्टर. आणि तासगावचे एक द्राक्षबागायतदार, ज्यांना दोघंही आबा म्हणतात.

तारीख ठरवली आबांनी. एक तर ऑक्टोबरची फळछाटणी सुरू व्हायच्या आत परत यायचं होतं. दुसरं कारण चंद्राचं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं. भरती-ओहोटीत फरक मोठा, म्हणून पाण्याला ओढही मोठी. अष्टमीच्या आसपास भांगाचं पाणी, त्यातल्या त्यात मवाळ. आबांनी भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि गणपती उरकल्यावरची पहिली अष्टमी धरली. ती नेमकी पितृपक्षात. घरच्यांनी नाकं मुरडली. चंद्र पितृपक्षातही तेवढाच ओढतो, असं आबांचं म्हणणं.

कोकणातले जुने लोक तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढतात. इथं ते गणित चालत नाही. कोमोडोच्या उत्तरेला फ्लोरेस समुद्र, दक्षिणेला हिंदी महासागराची बाजू. दोन्हीकडच्या भरत्या एका वेळी येत नाहीत. एका बाजूला पाणी चढलेलं, दुसऱ्या बाजूला उतरलेलं, आणि मधे बेटांच्या चिंचोळ्या फटी. पाणी त्या फटींतून धावणारच.

[दृश्य: नकाशा. प्रशांत महासागराकडून हिंदी महासागराकडं सरकणारे बाण.]

याच्या जोडीला आणखी एक मोठा प्रवाह आहे. व्यापारी वारे प्रशांत महासागराचं पाणी पश्चिमेकडं लोटत राहतात, म्हणून तिथली पातळी हिंदी महासागरापेक्षा थोडी वर राहते. ते जास्तीचं पाणी इंडोनेशियाच्या बेटांमधून इकडं उतरतं. किती? सेकंदाला साधारण दीड कोटी घनमीटर. आपल्या भाषेत सांगायचं, तर १०५ टीएमसीचं कोयना धरण सव्वातीन मिनिटांत काठोकाठ. यातलं बहुतेक पाणी लोंबोक, ओंबाई, तिमोर अशा मोठ्या वाटांनी जातं. कोमोडोच्या वाट्याला थोडंसंच येतं. ते थोडंसंही पुरे होतं.

[दृश्य: बोटीच्या डेकवर फळा. गाइड खडूनं खडकाचं चित्र काढतोय.]

इथं थोडं स्पष्ट बोलायला हवं. मालवणला कुणीतरी मागून टाकी धरून चार-सहा मीटर खाली नेऊन आणतं, छान फोटो निघतो, आणि गावी आल्यावर माणूस सांगतो, 'आपण स्कूबा केलंय.' करावं, जरूर करावं. मासे बघून कुणाचं वाईट झालेलं नाही. पण ते म्हणजे दुसऱ्याच्या गाडीत मागं बसणं झालं. आपली टाकी, आपली खोली, आपली हवा, सगळं आपण सांभाळायचं, ही गोष्ट निराळी. पहिल्या कोर्सनंतर मर्यादा १८ मीटर, ॲडव्हान्स्डनंतर ३०. कोमोडोच्या अवघड जागांसाठी अनेक बोटवाले ॲडव्हान्स्डचं कार्ड तर मागतातच, वर लॉगबुक, म्हणजे आधीच्या डाइव्हची नोंदवहीही उघडून बघतात.

फळ्यावर गाइडनं काढलेलं चित्र पैलवानाला लगेच समजलं. मधे खडक, दोन्ही बाजूंना बाण, मागं रिकामी जागा. तो म्हणाला, "हा तर आयर्विनचा खांब."

अगदी तसंच. बातू बोलोंगच्या मागच्या आडोशालाच डाइव्ह करायची. त्या तुकड्यात इकडून तिकडं, तिकडून इकडं, नागमोडी वर सरकत यायचं. खडकाच्या कडेपलीकडं डोकं काढायचं नाही. कडेला धार आहे. आणि इथली धार नुसती लांब नेत नाही, ती खालीही नेते. नदीत वाढलेल्या माणसाला नवीन आहे ते एवढंच, आणि तेवढंच महत्त्वाचं आहे.

[दृश्य: रबरी होडी. तिघं काठावर पाठमोरे बसलेले. होडीवाल्याचा आवाज: "सातू... दुआ... तिगा!"]

आधी गाइड एकटा पाण्यात तोंड घालून आला. पाणी कुठून कुठं चाललंय, किती जोरात, ते बघून. मग सगळ्यांनी एकदम पाठमोरं पडायचं. अंगात एक जॅकेट असतं, हवा भरली की तरंगवणारं. त्यात हवा अजिबात ठेवायची नाही; पडल्या क्षणी खालीच जायचं. वर तरंगत मित्राची वाट बघितली, तर अर्ध्या मिनिटात खडक एकीकडं आणि आपण भलतीकडं.

[दृश्य: पाण्याखाली. नारिंगी लहान माशांचा थवा प्रवाळाला चिकटून, सगळ्यांची तोंडं एकाच दिशेला.]

हे मासे बघा. सगळे एकाच दिशेला तोंड करून जागच्या जागी पोहतायत. पाणी जिकडून येतं, तिकडं मासा तोंड करतो. हे कृष्णेच्या काठावर गळ टाकून बसणाऱ्याला सांगायला नको. पाणी मवाळ असलं, की हा थवा प्रवाळापासून सैल सुटतो, वर मोकळ्यावर येतो. ओढ वाढली, की पुन्हा प्रवाळाला चिकटतो. गाइड दर मिनिटाला मनगटावरच्या कॉम्प्युटरकडं जितका बघतो, तितकाच या माशांकडं.

आणि दुसरी खूण म्हणजे आपलेच बुडबुडे. ते वर जायला हवेत. आडवे जायला लागले, तर कड जवळ आली. खाली जायला लागले, तर पाणी आपल्याला खाली ओढतंय, आणि आता विचार करत बसायला वेळ नाही. तेव्हा वरच्या दिशेनं झटापट करायची नाही. खडकापासून आडवं बाहेर पडायचं, जॅकेटमध्ये हवा भरायची, आणि धारेनं सोडल्यावर तीच हवा लगेच काढायची. नाहीतर माणूस बुचासारखा वर उसळतो, आणि ते खाली जाण्याइतकंच वाईट.

सांगलीवाडीच्या घाटावर पैलवानाला पोहायला शिकवणाऱ्या काकांचं एक वाक्य होतं: "पाण्यानं वढलं तर वढू द्यायचं. तिरकं हाणत काठ धरायचा. समोरून झोंबलास, की संपलास." आडव्या धारेचं शहाणपण त्यात पुरतं आहे. उभ्या धारेचं नाही, कारण कृष्णेला ते कधी लागलं नव्हतं.

[दृश्य: पैलवानाच्या हातातला प्रेशर गेज, टाकीत उरलेल्या हवेचा दाब दाखवणारा, जवळून. काटा ९० वर.]

२२ मीटरवर गाइडनं गेज मागितला. डॉक्टरांचा १४० बार, आबांचा १३०, पैलवानाचा ९०. तिघांत सगळ्यांत दणकट माणूस, आणि हवा त्याचीच आधी संपत आलेली.

हिशेब साधा आहे. १२ लिटरची टाकी २०० बारला भरली, की त्यात २,४०० लिटर हवा. दर १० मीटरला एक वातावरण दाब वाढतो. २० मीटरवर तो पृष्ठभागाच्या तिप्पट, म्हणून प्रत्येक श्वासाला हवाही तिप्पट. शांत माणूस वर मिनिटाला २० लिटर घेत असेल, तर तिथं ६०. टाकी चाळीस मिनिटं जाईल. तोच माणूस हातपाय मारायला लागला, की श्वास दुप्पट होतो आणि वेळ निम्मा. शिवाय पाण्याचा वेग दुप्पट झाला, की त्याचा रेटा चौपट होतो. ताशी दोन किलोमीटरच्या पाण्याला समोरून तोंड देणाऱ्या डायव्हरची दमछाक होते. इथल्या फटींत पाणी त्याच्या कितीतरी पट जोरात धावतं. दंड कितीही पोसलेले असोत, हे गणित बदलत नाही.

आबा मात्र हात छातीशी बांधून, फिन्स जेमतेम हलवत, प्रवाळाच्या एका उंचवट्यामागून दुसऱ्यामागं सरकत होते. बागेत माल मोजत फिरावं, तसे.

[दृश्य: पाच मीटरवर तिघं. बोटीला आपली जागा दाखवणारा नारिंगी लांबट फुगा वर चाललाय.]

वर येताना मिनिटाला ९ मीटरपेक्षा हळू. पाच मीटरवर तीन मिनिटं थांबायचं. याचं कारण डॉक्टर सांगतात, कारण हे त्यांच्या रोजच्या कामाच्या जवळचं आहे: दाबाखाली नायट्रोजन रक्तात, ऊतींत विरघळलेला असतो. दाब झटकन उतरला, तर त्याचे बुडबुडे होतात. सांध्यात झाले तर दुखतं, मज्जारज्जूत झाले तर पाय जातात. म्हणूनच बरेच दिवस डाइव्ह केल्यावर विमानात बसण्याआधी निदान १८ तास कोरडं राहायचं. आबांनी परतीचं तिकीट एक दिवस पुढचं काढलं, त्यावर डॉक्टरांनी वाद घातला नाही. आबांनी हॉटेलच्या भाड्यावर घातला.

[दृश्य: कारांग मकासार. उथळ तळावरून तिघं तरंगत चाललेत. समोरून मांटा रे, पंखांसारखे पर असलेला मोठा चपटा मासा.]

दुसऱ्या दिवशी धारेचा दुसरा उपयोग. इथं आडोसा नाही, आणि नकोही. तळ उथळ, पाणी वाहतं, आपण त्याच्याबरोबर वाहायचं. त्याच पाण्यातून प्लवकं, म्हणजे तरंगणारे बारीक जीव येतात आणि प्लवकांमागं मांटा. पंखांचा पसारा तीन-चार मीटर, तोंड उघडं, आणि ज्या धारेत आपण थांबू शकत नाही, तिच्या विरुद्ध तोंड करून ही सावकाश उभी. इंडोनेशियानं २०१४ साली आपल्या सगळ्या समुद्रात मांटाला संरक्षण दिलं.

तिला पाहायला थांबायचं, तर एक आकडा असतो. दोरीला बांधलेला बोथट टोकाचा हूक. मेलेल्या, टणक खडकातच अडकवायचा. जिवंत प्रवाळात अडकवणाऱ्याला त्याच वेळी वर पाठवावं, या मताचे आम्ही आहोत. दोरी ताणली गेली, की जॅकेटमध्ये किंचित हवा, आणि हात मोकळे. मान मात्र सरळ ठेवायची. पैलवानानं उजवीकडं वळून आबांना मांटा दाखवायला म्हणून तोंड फिरवलं, तोच धारेनं मास्क गालावर सरकवला आणि डोळ्यांत पाणी. मांटा आबांनी पाहिली.

[दृश्य: रिंचा बेट. वाळकं गवत, सावलीत पडलेला ड्रॅगन.]

मधे एका दुपारी रिंचा बेट. मगरी बघायला सांगलीकराला औदुंबर-भिलवडी पुरतं, त्यामुळं ड्रॅगन बघून कुणी फार दचकलं नाही. दचकले ते एका जुन्या घटनेनं.

जून २००८. याच उद्यानात तातावा बेटाजवळ डाइव्ह करून पाच युरोपीय डायव्हर वर आले, तेव्हा त्यांची बोट त्यांना दिसली नाही आणि बोटीला ते. करंट त्यांना घेऊन निघाला. सगळे अनुभवी होते. एकमेकांना धरून तासन् तास वाहत ते याच रिंचाच्या किनाऱ्याला लागले. खडकावरच्या शिंपल्या खरवडून खाल्ल्या. जवळ आलेल्या ड्रॅगनला दगड मारून हाकललं. दोन रात्रींनंतर शोधणाऱ्या बोटीला ते सापडले. पाचही जण जिवंत.

[दृश्य: रात्र. बोटीचं डेक, टेबलावर पसरलेलं सामान: फुगे, दोऱ्या, छोटे टॉर्च, आरसा, शिट्ट्या.]

त्या रात्री जेवणात शेंगदाण्याची चटणी होती, शिवाय बोटीवरच्या आचाऱ्याचा सांबल. दोन्ही तिखट संपल्यावर डॉक्टरांनी सगळ्यांना जॅकेटचे खिसे रिकामे करायला लावले. फुगा आहे? आहे. त्याची दोरी गुंतलेली नाही ना? आबांची गुंतलेली होती. ती सोडवण्यात पाऊण तास गेला. टॉर्च लागतो? लागतो. मग शिट्ट्या. "वाजवा," डॉक्टर म्हणाल्या. भर रात्री, नांगरलेल्या बोटीवर, ओळीनं शिट्ट्या वाजल्या. पैलवानाची नुसतीच फुसफुसली. आत मीठ धरलं होतं. गाइडनं सकाळी त्याला नवी दिली, ती दोनदा वाजवून घेतली, आणि मगच होडीत चढू दिलं.