कल्हईचं कथील आणि हट्टी वायू

[दृश्य : दोडामार्ग तालुक्यातली रबराची बाग. सकाळ.]

झाडाच्या सालीवरच्या तिरप्या चिरेतून पांढरा चीक वाटीत ठिबकतो. तो गाळून ट्रेमध्ये ओततात, त्यात पाणी घालतात आणि वरून थोडं आम्ल, तेही पाण्यात पातळ केलेलं. ढवळायचं, फेस काढायचा, ठेवून द्यायचं. विरजण लागावं तसा दुसऱ्या दिवशी चीक थिजून घट्ट होतो. बाटलीचं बूच काढताच नाकात झोंबणारं हे फॉर्मिक आम्ल. आंब्यावरच्या लाल मुंग्या अंगावर उडवतात, तेच. कातडी कमावायला आणि जनावरांचा मुरघास टिकवायलाही ते लागतं.

कारखान्यात ते मुख्यतः कार्बन मोनॉक्साइड आणि मिथेनॉल यांच्यापासून करतात. पण या आम्लाचा रेणू उलगडून पाहा : एक कार्बन डायऑक्साइड आणि हायड्रोजनचे दोन अणू. बस्स, एवढंच! मग धुराड्यातून जाणारा वायूच का वापरू नये?

[दृश्य : रेणूचं चलचित्र]

कारण हा वायू हट्टी आहे. जळून जे संपलं, त्याची ही राख. तिला पुन्हा कामाला लावायचं म्हणजे चढ चढवणं. उत्प्रेरक, म्हणजे स्वतः न संपता क्रिया घडवून आणणारा पदार्थ, वाट सोपी करतो, चढ कमी करत नाही. म्हणून या वायूला हायड्रोजन जोडताना पाण्यात अल्कली, म्हणजे आम्लाच्या उलट गुणाचा पदार्थ, घालतात. तयार झालेलं आम्ल ती लगेच क्षाराच्या रूपात धरून ठेवते आणि क्रिया पुढे सरकते.

2009 मध्ये टोकियो विद्यापीठात क्योको नोझाकी यांच्या गटाने इरिडियमचा एक उत्प्रेरक वापरला. त्याच्या एकेका रेणूने सुमारे 35 लाख वेळा हे काम केलं. इरिडियमचा अणू हायड्रोजनची जोडी फोडतो, एक अणू कार्बनच्या हवाली करतो आणि पुढच्या फेरीला मोकळा होतो. थक्क करणारा आकडा आहे. पण इरिडियम हा पृथ्वीवरच्या अतिदुर्मीळ धातूंपैकी एक, आणि हायड्रोजन आधी वेगळा तयार करावा लागतो तो लागतोच.

[दृश्य : कल्हईची भट्टी. तापलेल्या भांड्यात कापसाचा बोळा फिरतो.]

दुसरी वाट विजेची. जपानच्या योशिओ होरी यांनी 1985 मध्ये वेगवेगळ्या धातूंचे पत्रे पाण्यात बुडवून त्यांवर हा वायू आणि वीज सोडली. तांब्यावर मिथेन मिळाला. कथलावर मात्र मुख्यतः फॉर्मेट, म्हणजे या आम्लाचाच क्षार. तेच कथील, जे नवसागराची पूड टाकून आपल्याकडे तांब्या-पितळेच्या भांड्यांवर चढवतात. मला या सगळ्यात हीच गोष्ट सर्वांत मोहवते : आतलं तांबं एक पदार्थ देईल, वरची कल्हई दुसराच. कथील त्या रेणूला ऑक्सिजनच्या बाजूने पकडतं, कार्बन मोकळा राहतो आणि हायड्रोजन नेमका तिथे जाऊन बसतो. बिस्मथही असंच वागतं.

अर्थात ही वीज कोळशाची असेल, तर एका धुराड्यातला वायू पकडायला दुसरं धुराडं पेटवल्यासारखं होईल. सूर्य किंवा वारा हवाच.

आणि खरी मेख पुढेच आहे. हाती येतो तो क्षार, पाण्यात विरघळलेला. त्याचं आम्ल करायला दुसरं आम्ल ओतावं लागतं. मग पाणी उकळून वेगळं करू म्हटलं, तर पाणी उकळतं 100 अंशांना आणि फॉर्मिक आम्ल जवळजवळ 101 अंशांना. साध्या ऊर्ध्वपातनाने ही जोडी सुटत नाही.

[दृश्य : विद्युतघटाची आकृती, थर एकेक करून उलगडतात]

ह्यूस्टनच्या राइस विद्यापीठात 2019 मध्ये यावर एक सुरेख तोड निघाली. घटात एका बाजूला बिस्मथ, दुसऱ्या बाजूला हायड्रोजनचे आयन, म्हणजे विद्युतभार असलेले अणू, सोडणारा विद्युतअग्र, आणि मधल्या कप्प्यात क्षाराच्या पाण्याऐवजी आयन वाहून नेणारे घन कण. एकीकडून फॉर्मेट येतं, दुसरीकडून हायड्रोजनचे आयन, आणि मध्ये दोघांची गाठ पडते. त्या कणांमधून शुद्ध पाणी सोडलं की पलीकडच्या नळीतून थेंब पडतो तो आम्लाचा. त्यात क्षार नसतो.