कुप्पी, अर्ज आणि शेवटची पंगत

मगाशी प्रास्ताविकात आत्मघाती हल्लेखोरांसाठी ‘माथेफिरू’ हा शब्द आला. तक्रार करत नाही. स्फोटाची बातमी वाचली की आपल्या सगळ्यांच्या तोंडून पहिल्यांदा तोच निघतो. पण आज मी तुम्हाला जाफना द्वीपकल्पातल्या नेल्लियडी या गावी नेणार आहे, आणि तिथे गेलं की हा शब्द टिकत नाही.

५ जुलै १९८७. गावातल्या शाळेत श्रीलंकेच्या सैन्याने तळ ठोकलेला. स्फोटकं भरलेला एक ट्रक त्या तळावर जाऊन फुटला. चालवणारा विशीतला वल्लिपुरम वसंतन, संघटनेतलं नाव कॅप्टन मिलर. लिट्टे म्हणजे श्रीलंकेत तमिळांसाठी वेगळं राष्ट्र मागणारी सशस्त्र संघटना, ‘तमिळ वाघ’. तिचा हा पहिला आत्मघाती हल्ला. पुढे ५ जुलै हा ‘करुम्पुली’ दिवस म्हणून पाळला जाऊ लागला. करुम्पुली म्हणजे काळे वाघ. २००९ पर्यंत या तुकडीतले तीनशेहून जास्त मुलगे आणि मुली मेल्या. त्यांनी सोबत किती जणांना नेलं, ते वेगळंच.

ही माणसं इथवर आली कशी, असं विचारलं की उत्तर म्हणून इतिहास सांगतात. १९५६ साली सिंहली ही एकच राजभाषा झाली. सत्तरच्या दशकात विद्यापीठात जागा मिळवायला तमिळ विद्यार्थ्याला सिंहली विद्यार्थ्यापेक्षा जास्त गुण लागू लागले. १९८१ मध्ये जाफन्याचं सार्वजनिक ग्रंथालय जाळलं, जवळजवळ ९७ हजार ग्रंथांची राख झाली. १९८३ च्या जुलैत कोलंबोत तमिळांची घरं, दुकानं, माणसं जाळली. हे सगळं खरं आहे. पण यातून हजारो पोरं बंदूक हातात का घेतात, एवढंच कळतं. त्या हजारोंतले काही जण ‘मला परतायचंच नाही’ असं लिहून का देतात, ते कळत नाही.

हो, लिहूनच द्यायचं. इच्छुकाने थेट लिट्टेचा सर्वोच्च नेता प्रभाकरन याला पत्र लिहायचं. मग निवड, प्रशिक्षण आणि वाट पाहणं. अर्ज, छाननी, प्रतीक्षा यादी! सरकारी भरतीची आठवण झाली ना? हसू येतं, पण मुद्दा तिथेच आहे. डोकं फिरलेला माणूस या चाळणीतून खाली येत नाही. महिनोन्‌महिने थंड डोक्याने तयारी करील, ऐन वेळी हात थरथरणार नाही, असाच माणूस संघटनेला हवा असतो.

स्वर्गाचं आमिषही इथे नव्हतं. लिट्टे ही धर्माच्या नावावर चालणारी संघटना नव्हती, तिच्यात हिंदू होते तसे ख्रिस्तीही होते. अमेरिकन अभ्यासक रॉबर्ट पेप यांनी १९८० ते २००३ या काळातले ३१५ आत्मघाती हल्ले मोजले, त्यांतले ७६ एकट्या लिट्टेचे निघाले. आत्मघाती हल्ले मुख्यतः परकीय फौजांचा ताबा हटवण्यासाठी होतात, हा पेप यांचा सिद्धांत मला सगळाच्या सगळा पटत नाही, पण ही मोजणी महत्त्वाची आहे.

आता एक वस्तू डोळ्यांपुढे आणा. काळ्या दोऱ्यात ओवलेली बोटाएवढी काचेची नळी, आत सायनाइड. तिला ‘कुप्पी’ म्हणत. आपल्याकडे पोराच्या गळ्यात ताईत बांधतात, तशी ती लिट्टेच्या लढवय्यांच्या गळ्यात असे. पकडले गेलात तर दातांखाली फोडायची. रोज आंघोळ करताना, जेवताना, झोपताना ती छातीवर हलत असणार. ज्याने हे मान्य केलं, त्याला करुम्पुली व्हायला किती पावलं उरली? आपण बाहेरून बघतो तेव्हा मध्ये दरी दिसते. त्याच्या दृष्टीने तो पुढचा जिना असतो.

जिन्याच्या प्रत्येक पायरीवर कुणी तरी सोबतीला असतं. शेजारी झोपणारा मित्र गेल्या महिन्यात मेलेला असतो. त्याचं देणं डोक्यावर असतं. निघण्याआधी प्रभाकरनच्या पंगतीला जेवण, त्याच्यासोबत फोटो. एकदा नेत्याबरोबर जेवून फोटो काढला की परत फिरायला तोंड राहत नाही. मराठी माणसाला ही भीड समजावून सांगायला नको.

शब्दही तयार होते. तमिळमध्ये आत्महत्येला ‘तर्कोलै’ म्हणतात. लिट्टेने तो टाळून ‘तर्कोडै’ म्हणायला सुरुवात केली. कोलै म्हणजे हत्या, कोडै म्हणजे दान. एका अक्षराचा फरक, पण आत्महत्येचं आत्मदान झालं. मिलरनंतर तीन महिन्यांच्या आत, २६ सप्टेंबर १९८७ ला, नल्लूरच्या देवळाजवळ लिट्टेचाच तिलीपन पाण्याचा थेंबही न घेता उपोषण करून मेला. एकाने ट्रक नेला, दुसऱ्याने अन्नपाणी सोडलं. संघटनेने दोघांनाही दानशूरांच्या ओळीत बसवलं. ट्रकखाली दुसऱ्यांचे जीव गेले, हे ‘दान’ म्हटलं की बोलायचं राहूनच जातं.

मेलेल्यांना हिंदू रीतीप्रमाणे जाळायचं सोडून पुरायला सुरुवात झाली, आणि ‘पुरलं’ म्हणायचं नाही, ‘पेरलं’ म्हणायचं. दरवर्षी २७ नोव्हेंबरला, मेलेल्यांच्या स्मरणदिनी, ओळीने थडग्यांवर दिवे. म्हणजे सन्मानासाठी मरतात, असं म्हणून मी इथे थांबलो असतो तर सोपं झालं असतं. पण कोलंबोत पाठवलेल्या करुम्पुलींचं नाव जाहीर होत नसे, कारण संघटनेला ते काम आपलं म्हणायचंच नसे. नाव नाही, दगड नाही, तरी ते गेले. तेव्हा गावाच्या टाळ्यांपेक्षा त्या आठ-दहा सोबत्यांची आणि एका नेत्याची नजर मोठी, असं मला वाटतं.

आणि जाणाऱ्याचं कारण आणि पाठवणाऱ्याचं कारण एकच असतं, असंही नाही. २१ मे १९९१, श्रीपेरंबुदूर. चंदनाचा हार घेऊन राजीव गांधींसमोर वाकलेली लिट्टेची आत्मघाती हल्लेखोर धनू. तिच्या मनात राजीव गांधींनी १९८७ मध्ये श्रीलंकेत पाठवलेल्या भारतीय शांतिसेनेबद्दलचा संताप असेल, सूड असेल. पाठवणाऱ्यांचा हिशेब कोरडा होता: हा माणूस पुन्हा पंतप्रधान झाला तर पुन्हा फौज पाठवील. त्यांनी तर महिन्याच्या सुरुवातीला व्ही. पी. सिंहांच्या सभेत हार घालायची रंगीत तालीमही करून घेतली होती. संतापाची कुणी तालीम करतं का? तालीम असते ती योजनेची. २९ जुलै १९९९ ला कोलंबोत करुम्पुलीने मारलं नीलन तिरुचेल्वम यांना. ते स्वतः तमिळ, घटनातज्ज्ञ, वाटाघाटींचे पुरस्कर्ते. यात तमिळांचा सूड कुठे बसवणार? ३१ जानेवारी १९९६ ला कोलंबोच्या मध्यवर्ती बँकेवर ट्रक आदळला, नव्वदच्या आसपास माणसं गेली. नोकरीवर आलेली, रस्त्याने चाललेली.

आपल्या मुंबईची गोष्ट थोडी वेगळी. २६ नोव्हेंबरचे दहा जण अंगावर बॉम्ब बांधून आले नव्हते, मरेपर्यंत गोळ्या झाडायला आले होते. पण ते फोनवरचं बोलणं तुम्ही ऐकलं असेल. पलीकडचा माणूस कराचीत सुरक्षित बसून पुनःपुन्हा बजावतोय, जिवंत सापडू नका. एवढं बजावावं लागतं, याचा अर्थ काय? एकटं सोडलं तर पोरगं कदाचित जगायचं ठरवील, ही धास्ती पाठवणाऱ्यालाच सगळ्यांत जास्त असते.

शेवटी एक गोष्ट सांगतो, मग प्रश्न घेऊ. मे २००९ मध्ये लिट्टे संपली. तमिळांच्या तक्रारी संपल्या नाहीत. हजारो बेपत्ता लोकांच्या आया आजही फोटो घेऊन बसतात. सैन्याने थडगीही बुलडोझरने सपाट केली. राग पूर्वी होता त्याहून जास्तच असायला हवा. पण त्यानंतर लिट्टेच्या नावाने एकही आत्मघाती हल्ला झाला नाही. पत्र पाठवायला पत्ताच उरला नव्हता. २०१९ च्या ईस्टरला त्याच बेटावर चर्च आणि हॉटेलं उडवली गेली, ती दुसऱ्याच गटाने, आणि त्यात मसाल्याच्या श्रीमंत व्यापाऱ्याचे दोन मुलगे होते. गरिबीचं कारण देणाऱ्यांनी त्यावर जरूर विचार करावा.

लिट्टेचे बारा हजारांच्या आसपास लोक पुनर्वसन छावण्यांतून बाहेर पडले. त्यांत पत्र लिहून नंबर न लागलेलेही असणारच. आज कुणी उत्तर श्रीलंकेतल्या किलिनोच्चीत तीनचाकी चालवत असेल, कुणी मुलीच्या शाळेच्या फीसाठी उसनवारी करत असेल.

हं, मागच्या रांगेतून हात वर आहे. विचारा.