टाके सुकले, तरी तपासणी चुकवू नका

नमस्कार श्रोतेहो.

हृदयातून निघालेली महाधमनी छातीत कमान घेते आणि पाठीच्या कण्याला लगटून पोटाकडे उतरते. निरोगी माणसात या उतरत्या भागाची रुंदी असते साधारण अडीच सेंटिमीटर. वाढलेला रक्तदाब, तंबाखूचा धूर आणि वय यांनी तिची भिंत कमकुवत झाली की ती फुगू लागते. बहुतेकांना काहीच जाणवत नाही. कुणाची पाठ दुखते, कुणाचा आवाज बसतो. पुष्कळदा भलत्याच कारणासाठी काढलेल्या सीटी स्कॅनमध्ये हा फुगवटा सापडतो. तो साडेपाच सेंटिमीटरवर गेला की डॉक्टर उपचाराचा विचार करतात, कारण फुटला तर दवाखाना गाठायलाही उसंत मिळत नाही.

पूर्वी इलाज एकच होता : डाव्या बरगड्यांमधून छाती उघडायची आणि फुगलेल्या भागाच्या जागी कापडी नळी शिवायची. 1987 साली युक्रेनमधल्या खारकीव्ह शहरात निकोलाय व्होलोडोस या शल्यविशारदांनी छाती न उघडता, धमनीच्या आतून ही दुरुस्ती केली. पुढे 1994 मध्ये अमेरिकेत स्टॅनफर्डच्या मायकेल डेक यांच्या चमूने 13 रुग्णांचा अनुभव प्रसिद्ध केला, आणि ही वाट रुळत गेली.

आता जांघेतल्या धमनीतून, पेनाएवढ्या जाडीच्या नळीत मिटवलेला स्टेंट वर सरकवतात. धातूची जाळी, तिला कापडाचं अस्तर. फुगवट्याच्या वर आणि खाली त्याला टेकायला निदान दोन सेंटिमीटर धड भिंत लागते. स्टेंट उघडायच्या क्षणी भूलतज्ज्ञ रक्तदाब मुद्दाम खाली आणतात, नाहीतर रक्ताच्या लोंढ्याने तो जागेवरून सरकायचा.

रुग्ण शुद्धीवर आला की आम्ही पहिल्यांदा त्याला सांगतो, “काका, दोन्ही पाय हलवा बघू!” मज्जारज्जूला रक्त पुरवणाऱ्या बारीक फांद्या याच धमनीतून निघतात. त्या झाकल्या गेल्या तर पाय लुळे पडू शकतात. पाय हलले की आम्हा सगळ्यांच्या जिवात जीव येतो.

काही दिवसांत माणूस घरी जातो, आणि माझी खरी काळजी तिथून सुरू होते. श्रोतेहो, फुगवटा कापून काढलेला नसतो, तो आतच असतो. रक्त फक्त स्टेंटमधून वळवलेलं असतं. कडेने रक्त झिरपू लागलं तर फुगवटा पुन्हा वाढतो, तोही मुकाट्याने. म्हणून साधारण महिन्याने, मग वर्षाने आणि त्यानंतर दरवर्षी स्कॅन करावाच लागतो. “आता मला काही होत नाही,” म्हणून तो टाळणारे कितीतरी जण भेटतात. घरच्यांनो, त्यांना हाताला धरून आणा.

रक्तदाबाची गोळी चालू ठेवा, विडी-सिगारेट कायमची सोडा. स्टेंटचं कार्ड आणि जुन्या स्कॅनच्या सीडी एकाच पिशवीत ठेवा. आणि छातीत किंवा पाठीत अचानक फाटल्यासारखी कळ आली, तर सकाळची वाट न बघता 108 ला फोन करा.