पिवळं दिसलं म्हणजे प्रथिनं जुळली का?

नमस्कार मंडळी. फ्रेटवर, म्हणजे दोन प्रथिनं खरंच खेटून आहेत का ते ऊर्जेच्या हस्तांतरणावरून ओळखायच्या पद्धतीवर, व्हिडिओ करा म्हणून नांदेड-लातूरच्या एमएस्सीवाल्यांनी पिच्छा पुरवलाय. घ्या मग.

मूळ गोष्ट सोपी. एका प्रथिनाला सीएफपी हे निळसर चमकणारं प्रथिन जोडायचं, दुसऱ्याला पिवळसर चमकणारं वायएफपी. लेझर टाकायचा सीएफपीवर. दोघं खेटून असतील तर ऊर्जा थेट वायएफपीकडं जाते आणि चमकतं ते. झालं.

आता माझं दुखणं. कमेंट आलीय, "मॅडम, हिरवं-लाल मर्ज केलं, पिवळं आलं. इंटरॅक्शन सिद्ध ना?" नाही हो! एका प्रथिनाला हिरवा रंग, दुसऱ्याला लाल, आणि दोन्ही फोटो एकावर एक ठेवले की जिथं दोन्ही रंग पडतात तिथं पिवळं दिसतं, एवढंच. तो फ्रेटच नाही. साध्या मायक्रोस्कोपला साधारण 200 नॅनोमीटरच्या आतलं वेगळं दिसत नाही, आणि फ्रेट चालतो 10 नॅनोमीटरच्या आत. परभणीच्या एसटी स्टँडवर दोघं उभे दिसले म्हणून सोयरीक जमली म्हणाल का?

पटत नसेल तर आकडे बघा. हे हस्तांतरण अंतराच्या सहाव्या घातानं घसरतं. 5 नॅनोमीटरवर निम्मी ऊर्जा जात असेल तर 10 वर जेमतेम दीड टक्का. मर्जमधलं पिवळं मात्र दोन्हीकडं तेवढंच पिवळं!

तरी खुमखुमी असेल तर वायएफपी जाळा. म्हणजे जोरदार लेझरनं ब्लीच करून त्याची चमक घालवा. ऊर्जा खरंच तिकडं जात होती तर आता सीएफपी जास्त उजळेल. मर्जच्या पिवळ्याला ही परीक्षा देता येते का? आणि नुसतं सीएफपी, नुसतं वायएफपी असलेले नमुने तुलनेसाठी, म्हणजे कंट्रोल म्हणून, ठेवाच, कारण सीएफपीचा उजेड वायएफपीच्या चॅनेलमध्ये झिरपतो. मागं एका पोस्टरवर कंट्रोल दिसेनात, विचारलं तर पोरगं म्हणालं, "जागा पुरली नाही." लोगोंना बरी पुरली!

उलट, फ्रेट आला नाही म्हणून प्रथिनं जुळतच नाहीत असंही नाही. टॅग, म्हणजे जोडलेलं सीएफपी किंवा वायएफपी, प्रथिनाच्या भलत्या टोकाला असेल तर जुळूनही सिग्नल येत नाही.

"आमच्याकडं कन्फोकल (लेझरवाला मायक्रोस्कोप) नाही" म्हणणाऱ्यांनो, ब्रेट बघा, म्हणजे फ्रेटच, पण सीएफपीच्या जागी स्वतः उजेड पाडणारं प्रथिन. 1999 साली सायनोबॅक्टेरियाच्या जैविक घड्याळातल्या कायबी प्रथिनावर तो वापरला गेला. लेझर लागतच नाही. रेनिला ल्युसिफरेज हे प्रथिन सीलेंटेराझिन नावाचं रसायन वापरून स्वतःच उजेड पाडतं, उजेड मोजणारा प्लेट रीडर पुरतो. फक्त सीलेंटेराझिन महाग, हवा लागली की खराब होतं. फ्रीजरात, अंधारात ठेवा, आणि मे महिन्यात लाइट गेली की आधी तिकडं पळा.